ईमेलमधल्या अटॅचमेंट प्रोग्रामने काढून साठवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. कुणाला दर महिन्याची स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये हवी असतात, कुणाला शेकडो अर्जांमधले बायोडेटा, तर कुणाला दहा वर्षांच्या मेलमधले फोटो. उदाहरणं मुख्यतः पायथॉनची आहेत, पण अडचणी सगळ्या भाषांमध्ये सारख्याच येतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अटॅचमेंट म्हणजे नेमकं काय? ती सर्व्हरवर वेगळी फाइल म्हणून ठेवलेली असते का?

तुमच्या प्रोग्रामला जो मेल मिळतो, त्यात वेगळी फाइल कुठेच नसते. मेल म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लांबलचक मजकूर असतो आणि अटॅचमेंट त्याच मजकुराचा एक तुकडा असते.

१९८२च्या आरएफसी ८२२ या मानकात मेल म्हणजे साधा इंग्रजी मजकूर होता. चित्र, आवाज किंवा देवनागरी त्यात बसत नव्हतं. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२मध्ये माइम नावाची पद्धत मांडली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी माइमची पहिली अटॅचमेंट पाठवली: आपल्या गायनचमूचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचा तुकडा. आज आपण वापरतो ती माइमची आवृत्ती नोव्हेंबर १९९६मधली आहे (आरएफसी २०४५ ते २०४९).

प्रोग्राम लिहिण्याआधी एकदा तरी तुमच्या मेल सेवेत ‘मूळ मेल दाखवा’ हा पर्याय उघडून पाहा. वर हेडर दिसतील. मग ‘बाउंड्री’ नावाची एक विचित्र ओळ अधूनमधून येताना दिसेल. तीच एका भागाला दुसऱ्यापासून वेगळं करते. त्या ओळींच्या मध्ये कुठेतरी अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांच्या शेकडो ओळी असतील. ती तुमची पीडीएफ. तिच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: हा भाग कोणत्या प्रकारचा आहे, तो कसा एन्कोड केला आहे आणि सेव्ह करताना कोणतं नाव वापरावं. ही तिन्ही पाठवणाऱ्याने केलेली विधानं आहेत. ती खरी असतीलच असं नाही, आणि खाली येणाऱ्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात.

२. मर्यादा २५ एमबीची आहे, तरी माझी २० एमबीची फाइल जात नाही. असं का?

फाइल मजकुरात बसवण्यासाठी बेस६४ एन्कोडिंग वापरतात. त्यात दर ३ बाइट्सची ४ अक्षरं होतात. एका ओळीत ७६ अक्षरं, म्हणजे ५७ बाइट्सचा माल, आणि ओळ संपल्याची २ अक्षरं वेगळी. म्हणजे ५७ बाइट्स वाहून न्यायला ७८ लागतात. २० एमबीचे त्यामुळे २७ एमबीच्या वर होतात. २५ एमबीच्या मर्यादेत खरी फाइल साधारण १८ एमबीचीच बसते.

मेल उतरवताना हाच हिशेब उलटा धरा. ४० जीबीचा मेलबॉक्स असला, तरी त्यातून बाहेर पडणाऱ्या फाइली ३० जीबीच्या आतच असतील.

३. मला प्रोग्रामिंग जेमतेम येतं. सुरुवात कशाने करू?

मेल जीमेलवर असेल आणि फाइली ड्राइव्हमध्येच ठेवायच्या असतील, तर गुगल ॲप्स स्क्रिप्ट सगळ्यात सोपी. पासवर्डची भानगड नाही, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जीमेलच्या शोधपट्टीत जे लिहिता तेच स्क्रिप्टमध्ये लिहून मेल शोधता येतात. एक स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटंच चालते, म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावं लागतं.

आउटलुक वापरत असाल तर त्याच्या आतच चालणाऱ्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेतली ‘सेव्हॲजफाइल’ ही मेथड थेट फाइल उतरवून देते. कार्यालयात मायक्रोसॉफ्टची सेवा असेल तर पॉवर ऑटोमेटमध्ये कोड न लिहिताही हे जमतं.

तरीही शिकायची थोडी तयारी असेल तर मी पायथॉनच सुचवेन. मेल सर्व्हरशी बोलणारी ‘आयमॅपलिब’ आणि मेल उलगडणारी ‘ईमेल’ या दोन्ही लायब्ररी त्याच्यासोबतच येतात. मेल सेवा बदलली तरी फाइली काढण्याचा कोड तोच राहतो.

४. पायथॉनमध्ये कामाचा बरोबर क्रम काय?

सर्व्हरला पोर्ट ९९३वर सुरक्षित जोडणी करा, लॉगिन करा, फोल्डर फक्त वाचण्यासाठी उघडा (रीडओन्ली), हवे ते मेल शोधा आणि प्रत्येक मेल बाइट्सच्या रूपातच मिळवा. त्याचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर करू नका. देवनागरी मजकूर असलेला मेल तिथेच बिघडतो.

मग ते बाइट्स ‘मेसेज_फ्रॉम_बाइट्स’ला द्या आणि सोबत ‘पॉलिसी.डिफॉल्ट’ द्यायला विसरू नका. हे दिलं नाही तर पायथॉन जुन्या पद्धतीने चालतं, काही नावं न उलगडता तशीच हातात देतं आणि तुम्ही प्रश्न ८मध्ये अडकता. इंटरनेटवरची बरीच उदाहरणं जुनी असल्यामुळे त्यांत हे नसतं.

आता मेलच्या भागांमधून फिरायचं. ‘इटर_अटॅचमेंट्स’ हे नाव पाहून बरेच जण तेच वापरतात, पण ते फक्त वरच्या पातळीवरचे भाग पाहतं. मेलमध्ये एका डब्यात दुसरा डबा असतो, आणि आतल्या डब्यातली फाइल त्याला दिसत नाही. ‘वॉक’ मात्र सगळ्या पातळ्यांवर जातं. मी नेहमी ‘वॉक’ वापरतो आणि नको ते भाग स्वतः गाळतो.

प्रत्येक भागाला विचारा: तू स्वतः डबा आहेस का? असेल तर पुढे जा. तुला फाइलचं नाव आहे का, किंवा तुझ्यावर ‘अटॅचमेंट’ असा शेरा आहे का? यांपैकी एक जरी असेल तर ‘गेट_पेलोड’ला ‘डिकोड’ खरं असं सांगून बाइट्स मिळवा आणि फाइल बायनरी पद्धतीने लिहा. फक्त शेऱ्यावर विसंबू नका. ‘इनलाइन’ असा शेरा मारलेल्या पीडीएफ मी कितीतरी पाहिल्या आहेत. काही मेल ॲप्स पीडीएफ मेलमध्येच उघडून दाखवता यावी म्हणून तसं करतात.

५. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण प्रोग्राममधून लॉगिन होत नाही.

मोठ्या मेल सेवांनी नेहमीचा पासवर्ड प्रोग्रामला देण्याची सोय बंद केली आहे. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२पासून काढायला घेतली. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर ऑक्टोबर २०२२पासून ती टप्प्याटप्प्याने बंद केली.

जीमेलवर दोन-टप्पी पडताळणी चालू करा आणि ‘ॲप पासवर्ड’ तयार करा. तो १६ अक्षरांचा असतो आणि प्रोग्राममध्ये तोच टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन खात्यांना ओऑथ २.० (पासवर्डऐवजी टोकन देऊन लॉगिन करण्याची पद्धत) लागतं. तिथे प्रोग्रामची नोंदणी करून टोकन घ्यावं लागतं आणि संस्थेच्या ॲडमिनची परवानगीही लागू शकते.

एक विनंती आहे. हा ॲप पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा सिस्टिमच्या पासवर्ड तिजोरीत ठेवा. कोड आपण मदतीसाठी कुणालाही पाठवतो, आणि तेव्हा अख्खा मेलबॉक्स सोबत जातो.

६. आयमॅप घ्यावं की पॉप३?

आयमॅप. दोन्ही सर्व्हरवरून मेल आणण्याच्या पद्धती आहेत, पण पॉप३ला फोल्डर कळत नाहीत, शोध घेता येत नाही, आणि काही प्रोग्राम मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून काढून टाकतात. दुसरा काही पर्यायच नसेल तरच पॉप३.

७. प्रोग्राम चालला की माझे न वाचलेले मेल वाचलेले दिसायला लागतात. हे कसं थांबवू?

मेल मागताना तुम्ही बहुधा ‘आरएफसी८२२’ किंवा नुसतं ‘बॉडी[]’ मागत आहात. असा मेल दिला की सर्व्हर तो वाचला गेल्याची खूण करतो. त्याऐवजी ‘बॉडी.पीक[]’ मागा. मेल तोच मिळतो, खूण होत नाही. शिवाय प्रश्न ४मध्ये सांगितल्याप्रमाणे फोल्डर फक्त वाचण्यासाठी उघडला असेल, तर चुकूनही काही बदलत नाही. कुणा दुसऱ्याच्या मेलबॉक्सवर काम करत असाल तर दोन्ही करा.

८. फाइलचं मराठी नाव प्रश्नचिन्हं, बरोबरच्या खुणा नाहीतर टक्क्याच्या चिन्हांनी भरलेलं येतं. मूळ नाव कसं मिळवू?

नाव हरवलेलं नाही, ते एन्कोड केलेलं आहे. हेडरमध्ये साधी इंग्रजी अक्षरंच चालतात या जुन्या नियमामुळे देवनागरी नावाला वेष बदलून जावं लागतं, आणि त्याच्या दोन पद्धती रूढ आहेत.

‘जमाखर्च’ हे नाव घेऊ. आपल्या डोळ्यांना ते लहान दिसतं, पण संगणकाच्या हिशेबात त्यात ज, म, काना, ख, र, हलन्त आणि च अशी ७ चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट्स, म्हणजे २१ बाइट्स. आरएफसी २२३१ची पद्धत प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशी लिहिते, म्हणून सात चिन्हांच्या नावाची ६३ अक्षरं होतात. नाव लांब असेल तर ते तारांकित क्रमांक लावून अनेक तुकड्यांत येतं. दुसरी पद्धत आरएफसी २०४७ची. नाव बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्हाने सुरू होतं, पुढे चारसेट (अक्षरं कोणत्या पद्धतीने लिहिली आहेत त्याचं नाव), मग बेस६४. फाइलच्या नावासाठी ही पद्धत मानकाप्रमाणे चालत नाही, पण वापरणारे असंख्य आहेत, तेव्हा दोन्ही वाचता आल्या पाहिजेत.

‘पॉलिसी.डिफॉल्ट’ दिल्यावर ‘गेट_फाइलनेम’ बहुतेक वेळा दोन्ही उलगडून देतं. तरीही एखादं अक्षर फुटून तिथे काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह आलं, तर पाठवणाऱ्या प्रोग्रामने एका अक्षराचे तीन बाइट्स मधूनच तोडून दोन तुकड्यांत टाकलेले असतात. इंग्रजी नावांवर तपासलेल्या प्रोग्राममध्ये ही चूक कधी दिसतच नाही. आपल्या लिपीत ती लगेच उघडी पडते. अशा वेळी आधी सगळ्या तुकड्यांचे बाइट्स एकमेकांना जोडा आणि मगच उलगडा. पायथॉनचं जुनं ‘डिकोड_हेडर’ शेजारचे, एकाच चारसेटचे तुकडे याच क्रमाने जोडतं, म्हणून मी ते दुसरा उपाय म्हणून हाताशी ठेवतो.

मेल फोल्डरांच्या (जीमेलमध्ये लेबलांच्या) मराठी नावांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. आयमॅपमध्ये ती ‘सुधारित यूटीएफ-७’ नावाच्या पद्धतीत येतात, ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होऊन वजाच्या चिन्हाने संपतात. ‘आयमॅपलिब’ ती उलगडून देत नाही. फोल्डरच्या यादीत जे दिसतं तेच नाव जसंच्या तसं परत दिलं तर फोल्डर उघडतो.

९. नाव नीट दिसतं, पण सेव्ह करताना एरर येते. किंवा दोन फाइलींची नावं हुबेहूब सारखी दिसतात, तरी संगणक त्यांना वेगळं मानतो.

एररची कारणं बहुधा यांपैकी एक. विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण, कोनी कंस आणि दोन्ही तिरप्या रेघा चालत नाहीत. मेलचा विषयच नावात घेतला की त्यातलं ‘रीः’नंतरचं कोलन हमखास नडतं. शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असलेली नावंही विंडोजवर नकोत. ‘कॉन’, ‘एनयूएल’, ‘कॉम१’ अशी काही इंग्रजी नावं तिथे राखीव आहेत.

लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइट्सची असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरं झाली. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट्स लागत असल्याने ८५ चिन्हंच बसतात, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे त्यात मोजले जातात. परिपत्रकाचा पूर्ण विषय नाव म्हणून दिलेली फाइल सहज याच्या पुढे जाते. नाव कापताना बाइट्सवर कापू नका, नाहीतर अक्षर मधूनच तुटेल. एक्स्टेन्शन आधी बाजूला काढा, उरलेलं नाव चिन्हांवर कापा आणि एक्स्टेन्शन परत जोडा.

सारख्या दिसणाऱ्या दोन नावांचं कारण फार जवळचं आहे: आपला ‘ऱ’. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. एक, ऱ हे एकच चिन्ह. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखी. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी (एक अक्षर लिहिण्याचं एकच ठरलेलं) रूपात आणल्या की एक होतात, म्हणून प्रत्येक नाव सेव्ह करण्याआधी एनएफसीमध्ये आणा. तिसरी तऱ्हा एनएफसीने बदलत नाही. ती तुम्हाला स्वतः बदलून घ्यावी लागेल.

१०. प्रोग्राम म्हणतो १२ फाइली सेव्ह झाल्या, फोल्डरमध्ये मात्र एकच आहे. बाकीच्या कुठे गेल्या?

एकमेकींवर लिहिल्या गेल्या. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये हेच झालं होतं. वर्षभराची बारा स्टेटमेंट होती आणि प्रत्येक मेलमधल्या फाइलचं नाव होतं नुसतं ‘स्टेटमेंट.पीडीएफ’. स्क्रिप्टने बारा ओळी छापल्या, एकही एरर नाही, आणि फोल्डरमध्ये उरलं ते डिसेंबरचं. मेल सर्व्हरवर होते म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी फाइल ‘एक्सबी’ पद्धतीने उघडतो. त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथॉन लिहायला नकार देऊन एरर देतं. मी नाव असं बनवतो: आधी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग मेलचा यूआयडी (प्रश्न १७), आणि शेवटी मूळ नाव. तारीख पुढे असल्यामुळे फाइली आपोआप क्रमाने लागतात. तारीख शक्यतो सर्व्हरने मेल स्वीकारल्याची घ्या, तिला आयमॅपमध्ये ‘इंटर्नलडेट’ म्हणतात. मेलच्या ‘डेट’ हेडरमधली तारीख पाठवणाऱ्याच्या यंत्राने टाकलेली असते आणि घड्याळ चुकलं असेल तर तीही चुकते. जुन्या खात्यातून हलवलेल्या मेलचा मात्र अपवाद करा. तिथे ‘इंटर्नलडेट’ हलवल्याच्या दिवसाची असू शकते.

११. प्रत्येक मेलमागे ‘इमेज००१.पीएनजी’ सारखे लोगो सेव्ह होतात. फक्त खऱ्या फाइली कशा घेऊ?

ही पाठवणाऱ्याच्या सहीखालची चित्रं. अशा चित्राला ‘कंटेंट-आयडी’ असतो आणि मेलच्या एचटीएमएलमध्ये ‘सीआयडी’ लिहून त्याचा उल्लेख केलेला असतो. दोन्ही जुळले तर ते चित्र मजकुराचा भाग आहे असं समजा. नुसता कंटेंट-आयडी पाहून गाळू नका, कारण काही मेल ॲप्स प्रत्येक अटॅचमेंटला तो देतात. ॲप्स स्क्रिप्टमध्ये इनलाइन चित्रं धरण्याचा पर्याय आधीपासून चालू असतो, तो स्वतः बंद करावा लागतो.

आकारावरून गाळण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. फोनवरून पाठवलेला पावतीचा फोटो काही वेळा मजकुरातच चिकटवलेला असतो, आणि लहानही असतो. त्यापेक्षा एसएचए-२५६ (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, तीच फाइल असेल तर तोच येतो) काढून तीच प्रतिमा पन्नास मेलमध्ये आली का ते पाहा. लोगो पुन्हा पुन्हा तोच येतो, पावती येत नाही.

१२. फाइल सेव्ह होते, पण उघडत नाही.

आधी तिचा आकार पाहा. मूळ फाइलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठी असेल तर तुम्ही बेस६४ न उलगडता तसाच लिहिला आहे. आकार जवळजवळ बरोबर असेल तर विंडोजवर फाइल मजकूर म्हणून उघडून लिहिली गेली असेल, त्यात ओळ संपल्याच्या खुणा बदलतात. बायनरी पद्धत वापरा. शून्य बाइट्स असतील तर जोडणी तुटली किंवा डिस्क भरली का ते पाहा. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की खरं नाव द्या. मग अर्धवट फाइल कधी पूर्ण म्हणून दिसणार नाही.

जीमेल एपीआय (आयमॅपऐवजी गुगलने प्रोग्रामसाठी दिलेला थेट मार्ग) वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिथे अटॅचमेंट बेस६४च्या वेगळ्या रूपात येते, अधिक आणि तिरप्या रेघेऐवजी वजा आणि अधोरेखा असलेल्या. नेहमीच्या फंक्शनने ती उलगडली तर फाइल बिघडते. पायथॉनमध्ये ‘यूआरएलसेफ’ असलेलं फंक्शन वापरा.

१३. पीडीएफऐवजी ‘विनमेल.डॅट’ नावाची फाइल मिळते. ही काय आहे?

पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल ‘रिच टेक्स्ट’ स्वरूपात पाठवला आहे. तेव्हा सगळ्या अटॅचमेंट टीएनईएफ नावाच्या एका पेटीत बंद होतात आणि बाहेरून एवढीच फाइल दिसते. पायथॉनची ‘टीएनईएफपार्स’ लायब्ररी ती उघडते. लिनक्सवर ‘टीएनईएफ’ नावाचीच कमांड आहे. पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला मेल एचटीएमएल स्वरूपात पाठवायला सांगा, म्हणजे सगळ्यांचाच प्रश्न मिटेल.

१४. फॉरवर्ड केलेला मेलच अटॅचमेंट म्हणून आला आहे. तिथे प्रोग्राम कोसळतो.

तो भाग ‘मेसेज/आरएफसी८२२’ प्रकारचा आहे, म्हणजे मेलमध्ये अख्खा दुसरा मेल. ‘गेट_पेलोड’ला तो उलगडायला सांगितला की उत्तर ‘नन’ येतं, आणि ‘नन’ फाइलमध्ये लिहायला गेलात की एरर. ‘वॉक’ मात्र त्या आतल्या मेलमध्येही शिरतं, त्यामुळे त्यातल्या फाइली आपोआप सापडतात. आतला मेल स्वतंत्र ठेवायचा असेल तर त्याचे बाइट्स ‘ॲज_बाइट्स’ने घेऊन ‘ईएमएल’ एक्स्टेन्शनने लिहा.

१५. मेलमध्ये फाइल दिसते, पण प्रोग्रामला काहीच सापडत नाही.

बहुधा ती फाइल नसून लिंक आहे. २५ एमबीच्या वरची फाइल जीमेल ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये तिची लिंक ठेवतं. आउटलुकमध्येही वनड्राइव्हच्या लिंका अटॅचमेंटसारख्याच दिसतात. मेलच्या मजकुरात फाइल नसतेच. ती त्या सेवेत लॉगिन करून वेगळी आणावी लागते.

‘एसमाइम.पी७एम’ सापडलं तर मेल एस/माइम या सही किंवा एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बांधलेला आहे. तो बहुधा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि खाजगी की नसेल तर उघडणार नाही. खूप जुन्या मेलमध्ये फाइल मजकुरातच यूयूएन्कोड पद्धतीने घातलेली असते. ‘बिगिन’ने सुरू होणारी ओळ दिसली तर समजा.

१६. अनोळखी माणसांकडून आलेल्या फाइली प्रोग्रामने आपोआप सेव्ह करणं सुरक्षित आहे का?

सेव्ह करणं सुरक्षित करता येतं. त्या आपोआप उघडणं मात्र कधीच करू नका. इथे थोडा वेळ द्या, कारण मेल ॲप आपल्यासाठी जी काळजी घेतं, ती आता तुम्हाला घ्यायची आहे.

पहिला धोका नावातच आहे. नाव पाठवणारा ठरवतो. त्याने नावात दोन टिंबं आणि तिरपी रेघ घातली आणि तुम्ही ते नाव तुमच्या फोल्डरच्या पत्त्याला जसंच्या तसं जोडलं, तर फाइल तुमच्या फोल्डरच्या बाहेर, त्याला हवी तिथे लिहिली जाते. नावातला पत्त्याचा भाग काढून टाका, दोन्ही दिशांच्या तिरप्या रेघा धरून. मग पूर्ण पत्ता काढून तो तुमच्या फोल्डरच्या आतच आहे याची खात्री करा. मी तर मूळ नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतो आणि डिस्कवर स्वतः बनवलेलं नाव वापरतो.

दुसरा धोका एक्स्टेन्शनचा. ४ मे २०००ला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि शेवटी ‘व्हीबीएस’ होतं. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवत असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. याचाच दुसरा अवतार म्हणजे नावात मजकूर उजवीकडून डावीकडे वळवणारं अदृश्य युनिकोड चिन्ह घालणं. त्याने एक्झी फाइल पीडीएफसारखी दिसते. नावातली अशी नियंत्रण चिन्हं काढून टाका (प्रश्न ९मधल्या जोडचिन्हाचा विचार आधी करून). कोणती एक्स्टेन्शन घ्यायची याची यादी ठेवा आणि बाकी सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. नको असलेल्यांची यादी कधीच पूर्ण होत नाही.

तिसरा धोका फारच थोड्यांना ठाऊक असतो. ब्राउझरने किंवा आउटलुकने फाइल सेव्ह केली की विंडोज तिच्यावर ‘ही बाहेरून आली’ अशी लपलेली खूण ठेवतं. त्या खुणेमुळे वर्ड आणि एक्सेल ती संरक्षित रूपात उघडतात आणि मॅक्रो अडवतात. तुमच्या पायथॉन प्रोग्रामने लिहिलेल्या फाइलवर ही खूण नसते. म्हणजे तीच फाइल मेलमधून उघडली असती तर अडली असती, आणि तुमच्या फोल्डरमधून बिनदिक्कत उघडते. ‘झोन.आयडेंटिफायर’ नावाची ती खूण प्रोग्रामने स्वतः लिहिता येते. फोल्डर इतर लोकही वापरणार असतील तर ती लिहाच.

झिप फाइली आपोआप उलगडत असाल तर आधी आतला एकूण आकार बघून मर्यादा घाला. ‘४२.झिप’ ही ४२ केबीची प्रसिद्ध फाइल सगळ्या थरांसह उलगडली तर ४.५ पेटाबाइट्स होते. अँटिव्हायरस फोल्डरवर खरंच लक्ष ठेवून आहे का, हे पाहायला ६८ बाइट्सची निरुपद्रवी ‘आयकार’ चाचणी फाइल स्वतःला मेल करून बघा.

१७. प्रोग्राम रोज चालवला तर त्याच फाइली पुन्हा पुन्हा उतरणार नाहीत का?

कोणते मेल झाले हे लिहून ठेवलं नाही तर उतरतील. ‘न वाचलेले मेल’ या निकषावर विसंबू नका. फोनवर मेल वाचला की तो कायमचा सुटतो. आयमॅपमध्ये मेलचे दोन क्रमांक असतात. साधा क्रमांक एखादा मेल काढला की बदलतो. यूआयडी बदलत नाही, म्हणून तोच वापरा आणि शेवटचा झालेला यूआयडी साठवा. सोबत फोल्डरची ‘यूआयडीव्हॅलिडिटी’ही साठवा. ती बदलली तर जुने सगळे यूआयडी रद्द झाले असं समजून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्या वेळी आधीच्या फाइलींच्या एसएचए-२५६ची यादी असेल तर दुबार प्रती लगेच ओळखता येतात.

१८. दहा-पंधरा वर्षांचे मेल आहेत. एकेक करून उतरवायला फार वेळ लागतो.

मग एकेक उतरवू नका. गुगल टेकआउटमधून अख्खा मेलबॉक्स ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये मिळतो आणि पायथॉनची ‘मेलबॉक्स’ लायब्ररी ती वाचते. ती उघडताना आपला पार्सर द्या, म्हणजे ‘पॉलिसी.डिफॉल्ट’ इथेही लागू होईल. जीमेलवर आयमॅपने दिवसाला २,५०० एमबीच उतरवता येतात, त्यामुळे मोठ्या खात्यासाठी टेकआउटच बरं. आउटलुकची ‘पीएसटी’ फाइल असेल तर ‘रीडपीएसटी’ तिचे मेल वेगळे करून देतं.

आयमॅपच हवं असेल तर आधी ‘बॉडीस्ट्रक्चर’ मागा. कोणत्या मेलमध्ये कोणत्या प्रकारचे, किती मोठे भाग आहेत याची यादी अख्खा मेल न उतरवता मिळते. मग फक्त पीडीएफचे भाग मागवता येतात.

१९. आउटलुकमधून ओढून ठेवलेल्या ‘एमएसजी’ फाइली ‘ईएमएल’सारख्या वाचता येतील का?

नाही. ‘ईएमएल’ म्हणजे प्रश्न १मधला मजकूरच. ‘एमएसजी’ ही मायक्रोसॉफ्टची वेगळी बायनरी रचना आहे. पायथॉनमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट-एमएसजी’ लायब्ररी वापरा.

२०. पासवर्ड लावलेल्या पीडीएफ आणि झिप प्रोग्रामने उघडता येतील का?

पासवर्ड ठाऊक असेल तर हो. पीडीएफसाठी ‘क्यूपीडीएफ’ चांगलं आहे. झिपसाठी पायथॉनची स्वतःची लायब्ररी फक्त जुनं एन्क्रिप्शन उलगडते. नवं एईएस एन्क्रिप्शन असेल तर वेगळी लायब्ररी लागते. मूळ फाइल तशीच ठेवा आणि उघडलेली प्रत वेगळी लिहा.

२१. फाइली सेव्ह झाल्या. आता जागा मोकळी करायला मूळ मेल काढून टाकू का?

लगेच नाही. आणि ज्या प्रोग्रामने सेव्ह केलं त्यानेच त्याच फेरीत डिलीट करणं तर नकोच. सेव्ह करणारा प्रोग्राम वेगळा, काढणारा वेगळा. मध्ये निदान काही दिवस जाऊ द्या आणि तेवढ्यात प्रत्येक फाइल डिस्कवर आहे का, आकार शून्य नाही ना, एसएचए-२५६ जुळतो का, हे तपासा. वीस-तीस फाइली स्वतः उघडून पाहा. त्यांत मराठी नावाच्या आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या मुद्दाम घ्या, कारण चुका तिथेच असतात.

मेल ठेवून त्यातून फक्त अटॅचमेंट काढायची सोय काही ॲप्समध्ये असते. पण मेलच्या मजकुरावर पाठवणाऱ्या सर्व्हरची डीकेआयएम नावाची डिजिटल सही असते आणि ती बहुधा अटॅचमेंट धरूनच केलेली असते. अटॅचमेंट काढली की ती सही जुळत नाही, आणि हा मेल जसा आला तसाच आहे हे पुढे दाखवता येत नाही. करार, पावत्या किंवा वाद होऊ शकेल असा पत्रव्यवहार असेल तर काढण्याआधी अख्खा मेल ‘ईएमएल’ म्हणून उतरवा आणि काढलेल्या फाइलींच्या शेजारीच ठेवा.

जीमेलवर आयमॅपमधून डिलीट केल्यावर मेल सेटिंगप्रमाणे नुसता संग्रहात जातो, कचरापेटीत जातो किंवा कायमचा जातो. जीमेलची ‘फॉरवर्डिंग आणि पॉप/आयमॅप’ ही सेटिंग आधी उघडून पाहा आणि एका बिनमहत्त्वाच्या मेलवर करून बघा.